दुकानातलं भांडण स्टेशनात मिटलं म्हणता, मग त्याचा कागद कुठाय?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या बेळगावच्या बाजारात गिऱ्हाईक आणि दुकानदाराचं वाजलं की हल्ली कोणतरी एकजण लगेच मोबाईल काढून पोलिसांचा ११२ नंबर लावतोय, कधी गिऱ्हाईक लावतंय कधी दुकानदार, आणि थोड्या वेळात गाडी दारात. गाडी आली की गर्दी, गर्दी आली की व्हिडिओ, आणि मग "चला स्टेशनला". तिथं जे काय व्हायचं ते होतं, कोण पैसे परत देतं, कोण माफी मागतं, कोण नुसतं बाकड्यावर बसून परत येतं, आणि प्रकरण मिटलं म्हणतात. माझा प्रश्न एवढाच की मिटलं ते कुठल्या वहीत मिटलं? कारण नंतर तेच माहिती अधिकारात विचारायला गेलं की देता येत नाही म्हणून उत्तर येतं. याच्यावर कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय, पत्र मोठं झालंय, कापायचं असेल तर कापा पण कायद्याची कलमं तेवढी राहू द्या.

मी कापड दुकानदार. दुकान छोटंच. लग्नाच्या बस्त्याला आपल्याकडं चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, झालंच तर गोव्यातनं पण माणसं येतात हे तुम्हाला सांगायला नको. तसंच चंदगड भागातलं एक घर आलं होतं, नवरीकडचे, सकाळी गादीवर बसले ते दिवेलागणीला उठले, मामीनं पसंत करायचं आणि आत्यानं नाक मुरडायचं, बस्ता म्हटल्यावर एवढं चालायचंच. माल घेतला, फॉल-पिको करून द्या म्हणाले, करून दिलं, ब्लाऊजपीस कापून टेलरकडं गेले. पुढं लग्न मोडलं. कशानं मोडलं मला माहीत नाही आणि मी विचारलं पण नाही, असलं विचारू नये. नवरीचे मामा सगळं बोचकं घेऊन दारात, "मालक, लग्नच राहिलं, आता हे घेऊन आम्ही काय करायचं, पैसे परत द्या." मी म्हटलं मामा, घडी मोडली नाही ते बदलून घ्या, दुसरं काय पाहिजे ते न्या, पण फॉल लावलेली साडी मी आता कुणाला विकू? ते म्हणाले रोखच पाहिजे. आवाज चढला, शेजारपाजारचे जमले, त्यांच्यातल्या एका पोरानं ११२ लावला. आमचं दोघांचं पण मराठीच होतं म्हणून बरं, नाहीतर आपल्याकडं साडीचं भांडण भाषेवर जायला कितीसा वेळ लागतोय.

स्टेशनात कुणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. साहेब शांत होते, दोघांचं ऐकलं आणि मला म्हणाले, "अण्णा, लग्न मोडलंय ओ त्यांचं, अर्धे द्या आणि मोकळे व्हा." दिले. रायटरनं, म्हणजे स्टेशनातल्या लिहिणाऱ्या पोलिसानं, एका आखीव फुलस्केपवर कन्नडमध्ये आठ-नऊ ओळी लिहिल्या, वर नंबर नाही, खाली शिक्का नाही, कागद आमच्याकडं फिरवला आणि बोट ठेवलं, "इल्ली सही माडरी". मामांनी केली, मी केली. कन्नड मी दिवसभर गल्ल्यावर बोलतो, निम्मी गिऱ्हाइकं माझी कन्नडच आहेत, पण घाईत पेननं लिहिलेलं वाचायला मला वेळ लागतो आणि तिथं मागं चार माणसं ताटकळत उभी. मामांना तर त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. कॉपी मागितली तर "कशाला, मिटलं की".

मिटलं नाही. पुढं काही दिवसांनी त्यांच्यातला एकजण आला की उरलेले अर्धे कधी देताय, स्टेशनात तसं लिहून दिलंय तुम्ही. मी म्हणतोय तेवढ्यावरच मिटलं, तो म्हणतोय बाकीचे नंतर द्यायचे ठरले होते, आणि खरं काय ते ज्या कागदावर लिहिलंय तो स्टेशनच्या कुठल्या फाईलीत आहे ते देव जाणे. आता सांगा, अशा वेळी माणसानं काय करायचं? परत ११२ लावायचा का?

म्हणून माहिती अधिकारात अर्ज घातला. आता हे जरा सविस्तर सांगतो कारण आपल्यातल्या पुष्कळ लोकांना वाटतं की हे काम कार्यकर्त्यांचं, नाहीतर वकिलांचं. २००५ चा कायदा आहे, दहा रुपये फी, पोस्टात दहाची पोस्टल ऑर्डर मिळते ती जोडायची, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ती पण नाही. कशाला पाहिजे ते सांगायची गरज नाही, कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट आहे, तरी काउंटरवर पहिला प्रश्न तोच येतो. कर्नाटकच्या नियमात एक अट आहे, अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत पाहिजे. (मला ओळखणाऱ्यांना कळेल की मला हे किती जड गेलं असणार, हे पत्रच बघा की.) भाषेचं म्हणाल तर माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी नाहीतर त्या राज्याच्या भाषेत, म्हणजे इथं कन्नडमध्ये. मराठीतला अर्ज परत केला तर कायद्यानं त्यांना काय म्हणता येत नाही, पण हिंदी चालते हे पुष्कळ जणांना माहीतच नाही आणि मोडकीतोडकी हिंदी आपल्यातला कोण पण लिहितोय. आणि ज्याला लिहिताच येत नाही त्याच्या तोंडी सांगण्यावरनं अर्ज लिहायला मदत करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याचीच आहे, कलम ६(१). पण हे झालं माहितीच्या अर्जाचं. गाऱ्हाणं घालायचं असेल, म्हणजे माझ्यावर असा असा अन्याय झाला म्हणून तक्रारअर्ज द्यायचा असेल, तर घटनेचं ३५० वं कलम आहे, देशात नाहीतर राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत तो कुठल्याही अधिकाऱ्याकडं देता येतो. मराठी त्यात आली. हे दोन वेगवेगळे कागद आहेत आणि आपल्याकडं लोक दोन्हीची खिचडी करतात, मग दोन्ही परत येतात.

अर्जात मी मागितलं काय तर त्या दिवशीचा जबाब म्हणून जो कागद घेतला त्याची प्रत, स्टेशन डायरीचं त्या तारखेचं पान, ११२ ला आलेल्या कॉलची नोंद, त्या वेळेचं आतल्या कॅमेऱ्याचं फुटेज, आणि या प्रकरणाला गुन्हा नंबर नाहीतर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा नंबर दिलाय का, दिला असेल तर कुठला. बस्स.

तीस दिवसांची मुदत असते, ती संपता संपता उत्तर आलं. एक पान. वरच्या ओळीत लिहिलंय की सदर प्रकरणात कुठलाच गुन्हा नोंद नाही, एनसी पण नाही. आणि त्याच्याच खालच्या ओळीत, तपासाला बाधा येईल म्हणून कलम ८(१)(एच) खाली माहिती देता येत नाही.

मी ते पान दोन-तीनदा उलटसुलट करून बघितलं, मागं काय तर लिहिलंय का म्हणून. अहो, गुन्हाच नोंद नाही तर तपास कसला? आणि तपास चालू असेल तर गुन्हा नोंद नाही कसा? दोन्हीतलं एक काय तर खरं असेल की. हे ८(१)(एच) कलम काय सांगतंय तर जी माहिती दिल्यानं तपासात, आरोपीला पकडण्यात किंवा खटला चालवण्यात अडथळा येईल ती नाकारता येते. नुसता तपास चालू आहे म्हणून सुद्धा नाकारता येत नाही, अडथळा कसा येणार ते अधिकाऱ्यानं दाखवायला पाहिजे, असं दिल्ली हायकोर्टानं २००७ साली भगत सिंग प्रकरणात सांगितलंय. तिथं निदान तपास तरी होता. इथं तपास नाही, आरोपी नाही, फिर्यादी नाही, आहेत त्या फॉल लावलेल्या साड्या.

आणि गंमत बघा, सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानं एफआयआर चोवीस तासांत वेबसाईटवर टाकायची असते, नाजूक प्रकरणं सोडून. म्हणजे खुनाची एफआयआर मी घरी बसून मोबाईलवर वाचू शकतो, पण माझ्याच सहीचा, माझ्याच पैशांचा, माझ्याच दुकानातल्या भांडणाचा कागद मला मिळत नाही.

कलम १९ खाली पहिलं अपील केलं, उत्तर मिळाल्यापासनं तीस दिवसांत करायचं असतं, त्याला फी लागली नाही. सुनावणीला बसलेले अधिकारी समजूतदार होते, मी ते एकच पान पुढं केलं आणि दोन ओळींवर बोट ठेवलं, ते स्वतःच हसले. त्यानंतर डायरीच्या पानाची झेरॉक्स मिळाली, दोन रुपये पान या दरानं, दुसऱ्या कुणाची नावं काळी करून. ते बरोबरच आहे, मला दुसऱ्यांची नावं कशाला पाहिजेत, कलम १० मध्ये तशी सोय आहेच की लपवायचं तेवढं लपवून बाकीचं द्यायचं. पण त्या पानावर आमच्या भांडणाची एक ओळ. कोण आले, "समजूत काढून पाठवले". पैशांचा उल्लेखच नाही. सहीचा कागद सापडत नाही म्हणे, आणि फुटेज उपलब्ध नाही.

फुटेजचं तर सांगूच नका. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं देशभरच्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितलं, रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवा, तशी सोय मिळत नसेल तर जास्तीत जास्त जेवढं ठेवता येईल तेवढं, पण एक वर्षाच्या खाली चालणार नाही, इतकं स्पष्ट. माझा अर्ज वर्षाच्या कितीतरी आत होता. तेव्हा ज्यांना असा अर्ज घालायचाय त्यांनी फुटेजचा अर्ज वेगळा आणि लगेच घाला, कारण बाकीचे कागद कपाटात पडून राहतात पण फुटेजवर फुटेज चढत जातंय.

आता दुसरं अपील घातलंय माहिती आयोगाकडं, त्याला नव्वद दिवसांची मुदत असते, आयोगाचं खंडपीठ बेळगावात असल्यामुळं निदान बेंगळूरच्या रात्रीच्या गाडीचा खर्च तरी वाचला.

बरं, हे माझ्या एकट्याचं असतं तर मी पेपरला लिहिलं नसतं, बावीस हजार गेले ते गेले म्हणून गप्प बसलो असतो. पण त्या पहिल्या उत्तरानंतर मी बाजारात विचारायला लागलो तर जो तो आपलं काढतोय. एक ओळखीचे खानापूरचे गृहस्थ, मिक्सर घेतला, आठवड्यात जळला, परत घेऊन गेले तर दुकानदारानंच पोलीस बोलावले, दंगा करतोय म्हणून, आणि त्यांनाच तंबी देऊन घरी पाठवलं. एका बाईला मोठ्या सुपरमार्केटच्या दारात सिक्युरिटीवाल्यानं अडवलं, पर्समधनं पावडरचा डबा निघाला की त्यांनी घरनंच आणलेला होता यावरनं वाद, पोलीस येईपर्यंत बाई तिथंच एका खोलीत बसून. त्यांच्याकडं पण कागद नाही. कुणाकडंच नाही. आणि आमच्यातले पण काही कमी नाहीत, स्पष्ट लिहितो, उधारी थकली की ओळखीच्या हवालदाराला सांगून गिऱ्हाइकाला एक फोन करायला लावणारे दुकानदार याच बाजारात आहेत, आणि त्या फोनची नोंद तर कुठल्याच वहीत नसते.

त्या सुपरमार्केटच्या प्रकारावरनं एक गोष्ट मला नवीन कळली. १ जुलै २०२४ पासनं नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजार रुपयांच्या आतल्या चोरीचं वेगळं काढलंय, पहिल्यांदा दोषी ठरला आणि माल किंवा किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा, आणि असली चोरी आता अदखलपात्र केलीय. म्हणजे दुकानातली बहुतेक सगळी हातचलाखी, साबण, चॉकलेट, एखादा टॉप, लेगिंग्ज, सगळं याच्यात आलं. अदखलपात्र म्हटल्यावर मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास नाही आणि वॉरंटशिवाय अटक नाही. आणि साध्या माणसानं, म्हणजे सिक्युरिटीवाल्यानं किंवा आमच्यासारख्या मालकानं कुणाला धरून ठेवायचं तर आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झालेला पाहिजे आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायला पाहिजे, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. पाचशे रुपयांच्या मालासाठी संशयावरनं बाईमाणसाला खोलीत बसवणं याच्यात कुठं बसतंय ते त्या सुपरमार्केटवाल्यांनी आपल्या वकिलाला विचारावं.

आता यातली खरी मेख अशी की अदखलपात्र प्रकरण आलं की एफआयआर होत नाही, पण नोंद करायचीच असते. त्याच संहितेचं कलम १७४ सांगतंय की ठाण्यातल्या ठरलेल्या वहीत माहितीचा सारांश लिहा, तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडं जायला सांगा, आणि अशा सगळ्या प्रकरणांचा अहवाल दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडं पाठवा. दर पंधरवड्याला! म्हणजे हा कागद कायद्यानंच तयार व्हायला पाहिजे. तेव्हा उद्या कुणी विचारलं की गेल्या वर्षात आमच्या बाजारपेठेतनं दुकानातली किती भांडणं ठाण्यात आली आणि किती नोंदली, तर "अशी माहिती संकलित नाही" हे उत्तर देता येऊ नये. हे उत्तर फार ठरलेलं आहे. माहिती अधिकारात नसलेली माहिती तयार करून द्यायची सक्ती नाही हे सुप्रीम कोर्टानं २०११ साली सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलंय, ते खरं आहे, म्हणून आकडा मागू नका, का असं केलं ते पण विचारू नका, "का"ला उत्तर मिळत नसतंय. वही मागा. अमुक तारखेपासनं अमुक तारखेपर्यंतच्या पंधरवडा अहवालांच्या प्रती मागा, नाहीतर वहीची पाहणी मागा, बसून आपणच मोजायचं. पाहणी हा सुद्धा हक्कच आहे.

पण माझ्यासारख्याचं प्रकरण यात पण सापडणार नाही, कारण ते गुन्हाच नव्हतं, ना दखलपात्र ना अदखलपात्र. ते निव्वळ दिवाणी, गिऱ्हाइकीचं. अशा वेळी पोलिसांनी दोघांना सांगायला पाहिजे की बाबांनो ग्राहक आयोगात जा, हे आमचं काम नाही, आणि तसं एन्डोर्समेंट, म्हणजे लेखी शेरा, लिहून हातात द्यायला पाहिजे. अर्धे द्या, पाव द्या असं ठरवून द्यायचा अधिकार पोलिसाला कुठल्याच कायद्यात नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात पोलिसांनी दिवाणी भांडणाला फौजदारी रंग दिला म्हणून पन्नास हजारांचा दंड लावला, ते पेपरात आलं होतं. तिथं गुन्हा दाखल केला होता, इथं गुन्हा दाखल न करताच निकाल लागतोय, एवढाच फरक.

आणि ग्राहक आयोगाचं म्हणाल तर तिथं मामांना काय मिळालं असतं? २०१९ च्या कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरलीय, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस. सदोष माल. लग्न मोडलं म्हणून नको झालेला चांगला माल त्यात येत नाही, असं माझं म्हणणं, मामांच्या वकिलानं वेगळं मांडलं असतं, आयोगानं ठरवलं असतं आणि जे काय ठरलं असतं ते लेखी असतं, नंबरासकट. खानापूरच्या त्या मिक्सरवाल्यांची केस मात्र सरळ आहे, आठवड्यात जळलेला मिक्सर सदोषच, आणि बिल दिलं नसेल तर ती वेगळी चूक. आपल्या सीमाभागाला यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे आता गिऱ्हाईक जिथं राहतंय तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार घालता येते. चंदगडचा माणूस बेळगावात घेतलेल्या मालाची तक्रार कोल्हापुरात घालू शकतो, निपाणीचा माणूस कोल्हापुरातल्या खरेदीची बेळगावात. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आणि १९१५ नंबरावर फोन केला तर मराठीत पण बोलता येतं. हे सगळं सोडून आपण ११२ का लावतोय तर तिथं गाडी लगेच येते, आयोगाची तारीख लगेच येत नाही. हे पण खरंच आहे, त्याला मी नाही म्हणत नाही.

पोलिसांची बाजू पण मी समजू शकतो. गणपती, राज्योत्सव, हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त, मोर्चे, त्यात आमची साडी आणि मिक्सर. एका हवालदारानं मला बाहेर चहाच्या टपरीवर सांगितलं, "आम्हाला हौस आहे होय ओ तुमची भांडणं मिटवायची, आम्ही गेलो नाही तर गेलो नाही म्हणून तक्रार, गेलो तर गेलो म्हणून." बरोबर आहे त्याचं. दोन माणसं गळ्यापर्यंत आलेली असतात तेव्हा खाकी दिसली की थंड होतात, तेवढ्यासाठी पोलीस यायलाच पाहिजेत. मारामारी होऊ दिली नाही, दोघांना वेगळं केलं, इथपर्यंत उपकारच. त्याच्या पुढचं जे टेबलावर होतंय त्याची नोंद पाहिजे आणि प्रत पाहिजे, एवढंच म्हणणं. प्रत दिल्यानं पोलिसांचंच रक्षण होतंय, उद्या कुणी म्हणालं साहेबांनी दमदाटी करून पैसे घेतले तर साहेबांकडं दाखवायला काय आहे? डायरीतली ती एक ओळ?

आणखी एक. नावं-पत्ते मागितले की आता ८(१)(जे) पुढं करतात, खाजगी माहिती म्हणून, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं ते कलम आणखी आवळलंय, पूर्वी त्यातच जनहिताचा अपवाद होता तो काढून टाकला. तेव्हा अर्ज लिहितानाच "नावे, पत्ते, मोबाईल नंबर वगळून द्यावे" असं आपणच लिहून टाकायचं, म्हणजे तो दरवाजाच बंद. आणि अर्ज चुकीच्या ऑफिसला गेला, म्हणजे शहर पोलीस आयुक्तालयाचा जिल्हा एसपींकडं गेला नाहीतर उलट झालं, तरी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचं काम त्यांचं आहे, कलम ६(३), तुमचा अर्ज आमच्या हद्दीतला नाही म्हणून फाईल बंद करता येत नाही. खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या लोकांनी हे लक्षात ठेवा, त्यांचं ठाणं एसपींच्या हद्दीत येतं, बेळगाव शहरातलं आयुक्तालयाच्या, आणि बस्ता घ्यायला खानापूरचा माणूस शहरात येतो तेव्हा त्याचं भांडण शहराच्या हद्दीत झालेलं असतं.

माझी मागणी काय तर फार मोठी नाही. माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली सरकारी ऑफिसनं पुष्कळ माहिती कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायची असते. तर प्रत्येक ठाण्यानं दर महिन्याला, नावं न देता, एवढंच लावावं: दुकान आणि गिऱ्हाईक यांच्या वादाचे इतके कॉल आले, इतक्यांची एफआयआर झाली, इतके एनसी वहीत घेतले, इतक्यांना एन्डोर्समेंट देऊन ग्राहक आयोगाकडं पाठवलं. आणि ठाण्यात ज्या कुठल्या कागदावर दोघांच्या सह्या घेतात त्याला नंबर टाकून दोघांना तिथल्या तिथं एक-एक झेरॉक्स द्यावी, दोघांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवून. झेरॉक्स मशीन प्रत्येक ठाण्याच्या समोर आहे, पैसे आम्ही देतो वाटल्यास. आमच्या व्यापारी संघटनांनी पण हे आयुक्त साहेबांना लेखी कळवायला पाहिजे, सणासुदीच्या आधी जी बैठक होते तिथं नुसतं पार्किंग आणि फूटपाथवरच्या फेरीवाल्यांवरच बोलून उठतात.

तुमच्याकडं गुन्हे वार्ता बघणारे बातमीदार आहेत, त्यांनी शहरातल्या दोन-तीन बाजारपेठांच्या ठाण्यांकडनं गेल्या सहा महिन्यांचे ते पंधरवडा अहवाल एकदा मागून बघावेत, त्यांना आमच्यापेक्षा लवकर मिळतील. आणि ज्यांच्याकडं अशा मिटवामिटवीचा कागद आहे किंवा ज्यांना ८(१)(एच) चं उत्तर आलंय त्यांनी तुमच्याकडं पत्र लिहावं. माहिती आयोगात माझी तारीख लागली की काय झालं ते मी कळवतोच.

आपला,
एक कापड दुकानदार, बेळगाव